वेढमी आणि पुरणपोळी

गेल्या मार्गशीर्षात मातोश्रींना ऐंशी वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने आम्ही उभयता त्यांना बडोद्यातील एका बड्या हॉटेलच्या भोजनगृहात घेऊन गेलो. तेथे ‘मराठा राजथाळी’ मिळते हे कळल्याने त्यांनाही कुतूहल होते. गायकवाडांबरोबर आलेली मराठी घरे ज्या नगरीत अठराव्या शतकापासून नांदत आहेत, तेथे अशा थाळीकडून थोडी अपेक्षा बाळगणे गैर नव्हते.

आठ वाजताचे टेबल राखून ठेवले होते. बसावयास पावणेनऊ झाले. दिवे इतके मंद की पदार्थांची यादी वाचण्यास मोबाइलचा उजेड करावा लागला. परंतु आमचा वाढपी, विशीतला गुजराती मुलगा, न सांगता मातोश्रींच्या पाठीशी उशी ठेवून गेला. ‘बा’ म्हणून त्याने कोमट पाणी आणले, भात मऊ हवा का तेही विचारले. घरचा नातूही इतके ध्यानात ठेवीत नाही!

थाळी आली. अळूचे फदफदे उत्तम, साजूक तूप मनमुराद. भरल्या वांग्याला मात्र गोड्या मसाल्याचा वासही नव्हता. पुरणपोळीचा घास घेऊन मातोश्री थांबल्या. “ही वेढमी आहे,” त्या म्हणाल्या. गुजराती वेढमीचे पुरण तुरीच्या डाळीचे, आपले हरभऱ्याच्या. ती डाळ शिजवून निथळलेले पाणी म्हणजे कट, आणि त्याचीच कटाची आमटी. येथे त्या नावाने वाटीत आले होते ते पातळ केलेले तुरीचे वरण. मुख्य आचाऱ्यांना विचारले, तर उत्तर आले, “बडोद्याची मराठी पद्धत अशीच आहे.” मातोश्रींचा चेहरा उतरला. साठ वर्षे त्यांनी याच शहरात कट काढला आहे. (आमच्याही वरणात गूळ अंमळ जास्तच पडतो, हे कबूल.)

बिलात दहा टक्के सेवाशुल्क परस्पर लावलेले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे असे शुल्क ग्राहकावर लादता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च २०२५ मध्ये त्या सूचना उचलून धरल्या. आम्ही तसे सांगताच व्यवस्थापकांनी कपाळाला आठ्या घालीत ते वगळले. मग त्या मुलाचा विचार मनात येऊन आम्हीच ओशाळलो, आणि जवळपास तेवढीच रक्कम त्याच्या हाती ठेवली. बिलातले त्याला किती मिळाले असते कोण जाणे!

उरलेल्या दोन पोळ्या मातोश्रींनी बांधून घेतल्या. सकाळी तव्यावर तूप सोडून गरम केल्या, दुधाबरोबर खाल्ल्या आणि म्हणाल्या, “वेढमी म्हणून छान आहे हो.”