चार कढयांची वाफ आणि काट्यावरची मोळी

बेलापूर, श्रीरामपूर, हरेगाव या पट्ट्यात कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावीत पिढ्या वाढल्या. हरेगावची बेलापूर कंपनी आता बंद पडली. १९५० च्या सुमारास लोणीजवळ प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. आपली कितीतरी माणसे अशा कारखान्यांत गव्हाणीवर आणि बॉयलरवर राबली.

आम्ही हिशेबाची माणसे, म्हणून उसाचा जमाखर्च मांडून पाहू. शंभर किलो उसातून साखर निघते १० ते ११ किलो. बगॅस २८ ते ३० किलो, मळी ४, प्रेसमड ३ ते ४. बाकीचे बहुतेक पाणीच! बगॅस बॉयलरमध्ये जळते, उरलेल्यावर वीज होते. मळीचे इथेनॉल, प्रेसमडचे खत. रसातून निघालेली वाफ थंड करून तिचे पाणीही पुन्हा वापरता येते.

पण एवढा रस आटवायला बगॅस पुरते कसे? गुऱ्हाळात काहिलीवरची वाफ हवेत जाते. कारखान्यात पहिल्या भांड्याची वाफ दुसऱ्यातला रस उकळते, दुसऱ्याची तिसऱ्यातला. पुढच्या भांड्यात हवेचा दाब कमी ठेवतात, म्हणून तिथे रस कमी उष्णतेवर उकळतो. एकच वाफ चार-पाच वेळा कामाला येते.

ही युक्ती काढली नॉर्बर्ट रिल्यू यांनी. जन्म १८०६, अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स. वडील गोरे मळेवाले, आई कृष्णवर्णीय. शिक्षण पॅरिसला. त्याकाळी तिकडच्या मळ्यांवर गुलाम माणसे उकळता रस लांब पळ्यांनी या कढईतून त्या कढईत ओतीत आणि भाजून निघत. रिल्यूंनी १८४३ मध्ये पेटंट घेतले. मळेवाल्यांचे इंधन वाचले, साखर सुधारली, पैसा झाला. रिल्यूंना मात्र त्या समाजात बरोबरीची जागा मिळाली नाही. काळ्यांवरचे निर्बंध वाढत गेले, ते फ्रान्सला परतले आणि १८९४ मध्ये पॅरिसला वारले. आपल्या मुलांच्या पुस्तकात हे नाव आम्हाला कुठे दिसले नाही.

वाफेचा हिशेब असा चोख. गव्हाणीच्या अलीकडचा मात्र ढिला! तोडलेल्या उसातली साखर पडून राहिली की घटते. तो चोवीस तासांच्या आत गाळला तर उत्तम. गाड्या कारखान्यात एकेक दिवस उभ्या राहतात, ऊस वाळतो, वजन उतरते. कारखान्याचा उतारा जातो, शेतकऱ्याचे टनेज जाते आणि टनावर मजुरी घेणाऱ्या कोयत्याचेही जाते. उचल मात्र तेवढीच फेडायची. पहाटेपासून वाकून तोडलेल्या, डोक्यावरून गाडीत भरलेल्या मोळीचे वजन रांगेत उन्हाने खाल्ले, तर ते कुणाच्या खाती धरायचे?

टोळीत एखादी तरी शिकलेली मुलगी असतेच. येत्या हंगामात तिने वहीत दोन वेळा लिहाव्यात: फडात तोड संपल्याची आणि काट्यावर वजन झाल्याची. शेजारी पावतीचा नंबर. महिन्याची अशी वही मुकादमापुढे आणि शेतकी अधिकाऱ्यापुढे ठेवता येते.