एका दिवसाचा झगा

पाऊस ओसरून दिल्लीची हवा कोरडी झाली की नोएडापासून सोनीपतपर्यंत आणि फरिदाबादपासून गुरुग्रामपर्यंत पसरलेल्या विद्यापीठांच्या आवारांत शामियाने उभे राहू लागतात, आणि समारंभाच्या आदल्या दिवशी एखाद्या टेम्पोतून मोठमोठी गाठोडी उतरतात. त्यांत असतात काळे, क्वचित निळे किंवा मरून रंगाचे पायघोळ झगे, गळ्यात अडकवायची रंगीत अस्तराची हुडे आणि गोंडा लोंबणाऱ्या चौकोनी टोप्या. चार वर्षांच्या अध्ययनानंतर विद्यार्थी ज्या वेशात पदवी स्वीकारतो, ज्या वेशातील त्याचे छायाचित्र पुढे घरातल्या दिवाणखान्यात वर्षानुवर्षे टांगलेले राहते, तो वेश बहुधा त्याचा नसतो; तो कंत्राटदाराचा असतो आणि सूर्यास्तापूर्वी परत करायचा असतो.

ही देवघेव कशी चालते ते पाहण्यासारखे आहे. मंडपाच्या एका अंगाला दोन मेजे मांडलेली असतात. तिथे ओळखपत्र दाखवावे, भाडे आणि अनामत रक्कम भरल्याची पावती द्यावी, उंचीप्रमाणे लहान, मध्यम वा मोठा झगा उचलावा आणि विद्याशाखेच्या रंगाचे हूड मागून घ्यावे. झगा चढवणे कोणालाही जमते. हूड मात्र भल्याभल्यांची परीक्षा घेते. त्याच्या पुढच्या टोकाला एक बारीक नाडी शिवलेली असते आणि ती सदऱ्याच्या गुंडीत अडकवायची, ही गोष्ट सांगितल्यावाचून कोणाच्या लक्षात येत नाही. नाडी सुटी राहिली की पाठीवरच्या अस्तराच्या भाराने हूड मागे सरकत जाते आणि कुलगुरूंचे भाषण संपेतो पदवीधराचा गळा आवळू लागते. साडी नेसून आलेल्या मुलींना गुंडीच नसते, म्हणून त्या दिवशी सेफ्टी पिनेला जो भाव येतो तो सुवर्णपदकालाही येत नाही. टोपीच्या माथ्यावरचा पुठ्ठा अनेक हंगामांच्या दमटपणाने वाकलेला असतो, आणि ती हवेत उडवण्याची जी हौस अलीकडे बोकाळली आहे तिच्यामुळे सायंकाळच्या मोजदादीत गोंडे नेमके कमी भरतात. त्याचे पैसे अनामतीतून कापले जातात, आणि समारंभाच्या दिवशी होणारी खरी वादावादी काय ती तेवढीच.

शासनकर्त्याने वस्त्र देऊन माणसाचा दर्जा ठरवावा, हा दस्तूर या भूमीला नवा नाही. मोगल दरबारात खिलत दिली जाई, आणि ती न मिळणे हा केवढा अपमान असे हे मराठी वाचकाला सांगायला नको. 1666 मध्ये आग्र्याच्या दरबारात इतरांना खिलती मिळाल्या, आपल्याला वगळले, हे शिवाजी महाराजांनी पाहिले, आणि मग देऊ केलेली खिलत त्यांनी नाकारली. पण खिलत एकदा अंगावर आली की ती घेणाऱ्याची होई. इंग्रजांनी 1857 मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापली, आणि थंड हवेच्या देशातला तो घोळदार झगा इथल्या उकाड्यात आला. 1862 मध्ये मुंबईचे पहिले पदवीधर म्हणून रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक हे चौघे बाहेर पडले.

दिल्लीचे विद्यापीठ त्या मानाने उशिराचे, 1922 चे. ज्या व्हाइसरीगल लॉजमध्ये त्याच वर्षी तरुण माउंटबॅटन यांनी एडविनाला मागणी घातली, ती वास्तू 1933 मध्ये विद्यापीठाच्या हाती आली, आणि 1948 च्या रौप्यमहोत्सवी पदवीदानाला तेच दांपत्य गव्हर्नर जनरल आणि त्यांच्या पत्नी या नात्याने उपस्थित राहिले. पुढे 1962 ते 1967 या काळात त्या विद्यापीठाचे कुलगुरुपद चिंतामणराव देशमुख यांच्याकडे होते. मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारा हा मनुष्य सहा वर्षांच्या आत राजधानीतच विद्येच्या गादीवर बसला, याचे दिल्लीकर मराठी माणसाला आजही कौतुक वाटते.

भाड्याच्या वस्त्राने प्रौढत्वात प्रवेश करण्याचा सर्वांत देखणा प्रकार मात्र जपानात आढळतो. तिथे 1949 पासून 15 जानेवारीला, आणि 2000 पासून जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी, वयात आलेल्यांचा दिवस साजरा होतो. कायद्याने सज्ञानतेचे वय 2022 मध्ये विसावरून अठरावर आणले, तरी पुष्कळ नगरपालिकांनी समारंभ विसाव्या वर्षीच ठेवला आहे. त्या दिवशी मुली फुरिसोदे नावाचा, जवळजवळ घोट्यापर्यंत लोंबणाऱ्या बाह्यांचा किमोनो नेसतात. तो विकत घेणे पुष्कळांना परवडत नाही आणि स्वतःचा स्वतःला नेसताही येत नाही, म्हणून वस्त्र, कमरपट्टा, पादत्राणे, केशरचना आणि नेसवणारी बाई असा सगळा सरंजाम कित्येक महिने आधी ठरवून ठेवतात आणि भल्या पहाटे नटायला बसतात. या व्यवस्थेचा सारा आधार विश्वास. 8 जानेवारी 2018 रोजी योकोहामाच्या एका पेढीने ऐन समारंभाच्या दिवशी दुकाने बंद ठेवली तेव्हा पैसे भरून बसलेल्या शेकडो मुलींना वस्त्रच मिळाले नाही आणि साऱ्या जपानात हळहळ व्यक्त झाली.

जपानात भाडे देऊन प्रत्येक मुलगी एका दिवसापुरती वैभवशाली होते. दिल्लीत भाडे देऊन प्रत्येक जण एका दिवसापुरता सारखा होतो. मला यातले दुसरे अधिक मोलाचे वाटते, आणि त्याला कारण ही दिल्लीच आहे. या शहरात माणूस तोंड उघडण्यापूर्वी त्याचे जोडे, घड्याळ आणि स्वेटर यांवरून त्याची वसाहत, त्याच्या बापाचा हुद्दा आणि त्याची शाळा ओळखली जाते. अशा ठिकाणी सचिवाची कन्या आणि त्याच सचिवालयातल्या शिपायाचा मुलगा पाठोपाठ व्यासपीठाची पायरी चढतात, दोघांच्याही अंगावर तोच कळकट काळा झगा असतो, दोघांचीही टोपी एका बाजूला कललेली असते, आणि प्रेक्षकांत बसलेल्या परक्याला त्यांतला कोण कोणाचा हे सांगता येत नाही.

या झग्यावर आक्षेप आहेत, आणि ते खोटे नाहीत. 2010 च्या एप्रिलमध्ये भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेत तत्कालीन मंत्री जयराम रमेश यांनी व्यासपीठावरच झगा उतरवून त्याला वसाहतवादाचा रानटी अवशेष म्हटले. 2019 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने हातमागाची वस्त्रे वापरण्याची सूचना सर्वत्र धाडली. आणि 2023 च्या फेब्रुवारीत दिल्ली विद्यापीठाने आपल्या 99 व्या पदवीदानात झगा दूर सारून उत्तरीय आणले. विणकराच्या हाताला काम मिळते हे उत्तमच. पण उत्तरीय खांद्यावर राहते आणि खालचे सारे उघडे ठेवते, म्हणून ते आले की साडी कोणती, कुर्ता कोणाकडून शिवायचा, हे प्रश्न पुन्हा उभे राहतात आणि लाजपतनगरच्या बाजारात पालकांची फेरी वाढते. जो भेद झग्याने झाकला होता तो देशी वस्त्राने पुन्हा दाखवावा, ही गंमत धोरण ठरवणाऱ्यांच्या ध्यानी आलेली दिसत नाही. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने तर हा तंटाच मिटवला होता: 1972 मध्ये बलराज साहनी यांच्या भाषणाने गाजलेल्या पहिल्या पदवीदानानंतर तिथे दुसरे पदवीदान झाले ते 2018 मध्ये, मधल्या साऱ्या पिढ्या कोणताही वेश न करता विद्वान झाल्या, आणि त्यांचे काही अडले नाही.

झगे पुरवणाऱ्यांचेही काही अडलेले दिसत नाही. मोठ्या विद्यापीठाने पाठ फिरवली तरी राजधानीच्या परिसरातील खासगी विद्यापीठे वाढतच आहेत, आणि त्यांच्या हंगामानंतर मार्चमध्ये एक नवे गिऱ्हाईक तयार असते: बालवाडी संपवून पहिलीत जाणारी पाच वर्षांची मुले. त्यांच्यासाठी वेगळे आखूड झगे शिवून घ्यावे लागतात, टोप्यांना हनुवटीखालून रबरी पट्टी लावावी लागते. हूड त्यांना देत नाहीत, आणि अनामत शाळा एकगठ्ठा भरते, कारण या पदवीधरांच्या हातून झग्यावर काय सांडेल याची हमी कोणीच घेत नाही.