फलंदाजाचा अर्धा सेकंद

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या गावी, दुधनीला गेलो होतो. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे, महाराष्ट्राच्या अगदी कडेचे हे गाव. इथल्या मैदानावर क्रिकेट दोन भाषांत चालते. धावा मराठीत मोजतात, पण चेंडू हवेत उडाला की क्षेत्ररक्षक 'हिडी, हिडी' म्हणून कानडीत ओरडतात. मी कडेला एका दगडावर बसून खेळ पाहत होतो. दहावीतला एक मुलगा येईल तो चेंडू बॅटच्या मधोमध घेत होता. शेजारचे एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "नजर तेज आहे पोराची. हे उपजतच असावं लागतं. शिकवून येत नाही."

माझ्या दुसऱ्या बाजूला नववीतला एक मुलगा बसला होता. त्याला शाळेच्या संघात घेतले नव्हते. निवडीच्या दिवशी त्याला सहा चेंडू खेळायला मिळाले. दोन हुकले, एकावर दांडी उडाली, आणि निवड संपली. गृहस्थांचे वाक्य ऐकून त्याने मान खाली घातली. थोड्या वेळाने म्हणाला, "सर, मी खेळ सोडणार आहे. माझ्यात ते नाहीच."

मी पदार्थविज्ञान शिकवतो. 'माझ्यात ते नाही' असे कोणी म्हटले की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा की 'ते' म्हणजे नेमके काय, आणि ते मोजता येईल का? तेज नजर असेल, तर ती सेकंदांत मोजता आली पाहिजे. तेव्हा आधी थोडे गणित करू.

खेळपट्टीची लांबी, म्हणजे यष्टींपासून यष्टींपर्यंतचे अंतर, २०.१२ मीटर. गोलंदाज पुढच्या रेषेजवळून चेंडू सोडतो आणि फलंदाज आपल्या रेषेजवळ उभा असतो. दोन्हीकडचे १.२२ मीटर वजा केले की उरतात सुमारे १७.७ मीटर. तेज गोलंदाजाचा वेग ताशी १४० किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३९ मीटर. भागाकार केला की उत्तर येते ०.४५ सेकंद. हवेच्या रोधाने आणि टप्प्यावर चेंडूचा वेग थोडा कमी होतो, म्हणून ढोबळमानाने अर्धा सेकंद म्हणू. आता समजा, चेंडूचा टप्पा फलंदाजापासून ६ मीटरवर पडला आणि टप्प्यानंतर वेग सेकंदाला ३५ मीटर उरला. तेथून बॅटपर्यंत यायला त्याला ०.१७ सेकंद लागतील. हा आकडा लक्षात ठेवा.

आता तुमच्या कंपासपेटीजवळची ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. मित्राला ती उभी धरायला सांगा. शून्याची खूण तुमच्या अंगठा आणि बोट यांच्या मध्ये, पण बोटे पट्टीला टेकलेली नकोत. मित्राने न सांगता पट्टी सोडायची आणि तुम्ही ती चिमटीत पकडायची. पट्टी किती सेंटिमीटर खाली आली ते वाचा. मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूचे सूत्र तुम्हाला ठाऊक आहे: अंतर = ½ × गुरुत्वत्वरण × काळाचा वर्ग. पट्टी २० सेंटिमीटर पडली तर काळ ०.२० सेकंद येतो आणि १५ पडली तर ०.१७. दहा वेळा करून सरासरी काढा. पहिल्या दोन-तीन वेळा प्रत्येकजण गोंधळतो, ती वाचने सोडून द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या दोन्ही मुलांना घरी बोलावून हाच प्रयोग केला. दहावीतल्या फलंदाजाची सरासरी आली १९ सेंटिमीटर, म्हणजे ०.२० सेकंद. संघाबाहेरच्या मुलाची १८, म्हणजे ०.१९ सेकंद. हा फरक वाचनातील चुकीपेक्षाही लहान, म्हणजे दोघे बरोबरच. नववीतला मुलगा पट्टीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत राहिला.

हे काही दुधनीपुरतेच खरे नाही. पीटर मॅक्लाउड या शास्त्रज्ञाने १९८७ मध्ये एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. खेळपट्टीवर मॅट अंथरली आणि तिच्याखाली लाकडाच्या बारीक पट्ट्या ठेवल्या. चेंडू पट्टीवर पडला तर तो डावीकडे वळेल की उजवीकडे, हे आधी कळायला मार्ग नाही. मग आंतरराष्ट्रीय दर्जाच्या फलंदाजांना खेळायला लावून वेगवान कॅमेऱ्याने त्यांची छायाचित्रे घेतली. टप्प्यानंतर चेंडू वळला हे पाहून बॅटची दिशा बदलायला या नामवंतांनाही सुमारे ०.२ सेकंद लागत होते. प्रयोगशाळेत सामान्य माणसाला लागतात तितकेच! (आमच्याकडे काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडल्या की हा प्रयोग फुकट होतो. तेव्हा चांगले चांगले फलंदाजही हुकतात.)

आता मघाचा आकडा आठवा. टप्प्यापासून बॅटपर्यंत ०.१७ सेकंद आणि माणसाची प्रतिक्रिया ०.२ सेकंदाची. याचा अर्थ, टप्पा पडल्यावर चेंडू पाहून त्याप्रमाणे खेळणे तेज गोलंदाजीपुढे कोणालाच शक्य नाही. तरीही लोक खेळतात. कसे?

ते आधीच ओळखतात. मायकेल लँड आणि मॅक्लाउड यांनी २००० मध्ये फलंदाजांच्या डोक्याला छोटा कॅमेरा बांधून त्यांची नजर कुठे जाते हे टिपले. फलंदाज चेंडूकडे अखंड पाहत नाही. चेंडू सुटताना तो क्षणभर पाहतो, मग नजर झटकन उचलून जिथे टप्पा पडणार तिथे नेऊन ठेवतो आणि चेंडूची वाट पाहतो. चांगल्या फलंदाजाची ही उडी लवकर होते, कच्च्याची उशिरा. आणखी एका प्रकारच्या प्रयोगांत गोलंदाजाची फिल्म चेंडू हातातून सुटतानाच थांबवतात आणि 'चेंडू कुठे पडेल?' असे विचारतात. कसलेल्या खेळाडूंची उत्तरे नवख्यांपेक्षा पुष्कळ अधिक वेळा बरोबर येतात. मनगट, खांदा, धावण्याची लय यांत त्यांना पुढचा चेंडू दिसतो. तुम्ही पत्राची पहिली ओळ पाहूनच अक्षर कोणाचे ते ओळखता ना? त्यातलाच हा प्रकार. ही ओळख जन्मतः कोणाच्याच डोळ्यांत नसते. ती हजारो चेंडू पाहून साठते.

म्हणजे नुसते हजारो चेंडू खेळले की झाले? तसेही नाही. मी स्वतः शाळा-कॉलेजात सहा वर्षे रोज संध्याकाळी क्रिकेट खेळलो आणि सहाव्या वर्षी पहिल्या वर्षाइतकाच वाईट खेळत होतो. तेच चेंडू, तेच गोलंदाज, तीच चूक, आणि चूक दाखवणारे कोणी नाही. अँडर्स एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा हाच भेद पुढे मांडला. जमते तेच पुन्हा करणे म्हणजे सराव नव्हे. आज जे थोडेसे जमत नाही ते नेमके ठरवून करायचे, चुकले कुठे हे लगेच कळले पाहिजे, आणि पुढच्या वेळी ते दुरुस्त करायचे. याला आपण 'सहेतुक सराव' म्हणू.

याचे उत्तम उदाहरण मुंबईच्या शिवाजी पार्कवर सापडते. रमाकांत आचरेकर सर संध्याकाळी यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज सचिन तेंडुलकरला बाद करील त्याला ते नाणे, आणि सचिन शेवटपर्यंत नाबाद राहिला तर नाणे त्याचे. दिवसभर खेळून थकलेला मुलगा आणि समोर ताज्या दमाचे गोलंदाज. अशी तेरा नाणी सचिनने मिळवली आणि जपून ठेवली. रुपयाची किंमत ती काय! पण त्या रुपयामुळे थकल्यानंतरच्या चेंडूलाही उद्दिष्ट आले, आणि चूक झाली की तत्क्षणी कळू लागली. शिवाय सर त्याला आपल्या स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत आणि सामन्यांत खेळवीत. वेगळी खेळपट्टी, वेगळे गोलंदाज. ओळखीचा साठा वाढतो तो असा.

इथे कोणी चतुर विद्यार्थी विचारील, "सर, आचरेकरांकडे मुले तर शेकड्यांनी होती. सगळे सचिन का झाले नाहीत?" प्रश्न बिनतोड आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. 'दहा हजार तास सराव करा, कोणीही विजेता होतो' असे वाक्य अलीकडे फार ऐकू येते. ते एरिक्सनचे नाही. त्याच्या अभ्यासात उत्तम वादकांची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी दहा हजार तासांच्या आसपास होती, इतकेच. सरासरी म्हणजे उंबरठा नव्हे, हे तुम्हाला गणिताच्या तासाला शिकवलेले आहे.

शरीर तर वेगळे असतेच. बहामाच्या डोनाल्ड थॉमसने २००६ मध्ये उंच उडीला सुरुवात केली आणि २००७ मध्ये ओसाका येथे २.३५ मीटर उडी मारून तो जगज्जेता झाला. लहानपणापासून उंच उडीचाच ध्यास घेतलेला ऑलिंपिक विजेता स्टेफान होल्म त्या दिवशी पदकाबाहेर राहिला. क्लोद बुशार याने १९९० च्या दशकात सुमारे पाचशे माणसांकडून वीस आठवडे एकाच पद्धतीने सायकलचा व्यायाम करवून घेतला. काहींची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता खूप वाढली, काहींची जवळजवळ वाढलीच नाही, आणि एका कुटुंबातील माणसांची वाढ एकमेकांसारखी निघाली. म्हणजे सरावाचा गुण किती येतो, यातही आनुवंशिकतेचा वाटा आहे. सचिनचेच पाहा. १९८७ मध्ये तो तेज गोलंदाज व्हायला मद्रासच्या एमआरएफ शिबिरात गेला होता. तिथे डेनिस लिलीने त्याला फलंदाजीकडेच लक्ष द्यायला सांगितले.

मग वाटा किती कोणाचा? २०१४ मध्ये ब्रुक मॅकनामारा आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. खेळाडूंच्या कामगिरीत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे १८ टक्के फरक सहेतुक सरावाने समजावता येतो. शिक्षकांनी या आकड्याशी जरा जपून वागावे. उरलेले ८२ टक्के म्हणजे 'उपजत देणगी' असा अर्थ काढणे साफ चूक आहे. त्यात शरीराची ठेवण आहे, पण सुरुवातीचे वय, शिकवणारा माणूस, दुखापत, खाणे, पैसा आणि मोजमापातील चुका हेही आहे.

खाशाबा जाधवांचे उदाहरण घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. मुलाला वडिलांकडून रक्त मिळाले आणि आखाडाही मिळाला. दोन्ही एकाच हातून आले, ते वेगळे कसे काढणार? १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीत वाढलेल्या मल्लाला तिथे मॅटवर, परक्या नियमांनी लढावे लागले होते. चार वर्षांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला, वरच्या वजनगटात, त्यांनी कांस्यपदक मिळवले. रक्त दोन्ही वेळी तेच होते.

निवडीच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. कॅनडात १९८५ मध्ये बर्फावरील हॉकीच्या खेळाडूंचे जन्ममहिने मोजले, तेव्हा जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांची गर्दी आढळली. तिथे वय १ जानेवारीला मोजतात. जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ एक वर्षाने मोठा, म्हणून अंगाने थोराड. तो 'गुणी' ठरतो, त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो आणि मग तो खरोखरच पुढे जातो. आणि एका नजरेत निवड करण्याविषयी म्हणाल, तर १९८४ मध्ये अकरा वर्षांचा सचिन आचरेकर सरांसमोर पहिल्यांदा खेळला तेव्हा बुजून वाईट खेळला होता. भाऊ अजितने विनंती केली की सर, झाडाआडून पाहा. सर झाडाआड गेले आणि पोरगा खुलला. ते झाड नसते तर?

नववीतल्या मुलाला मी एक काम दिले. जाळीच्या मागे, फलंदाजाच्या पाठीशी सुरक्षित उभे राहायचे आणि चेंडू सुटताच, टप्प्याआधी, 'पुढे' किंवा 'आखूड' असे सांगायचे. बरोबर-चूक वहीत मांडायचे. रोज चाळीस चेंडू. हे तुम्हालाही करता येईल, खर्च वहीचा. दोनच पर्याय असल्यामुळे नाणे उडवूनही चाळीसपैकी वीस बरोबर येतील, एवढे ध्यानात ठेवा. नाताळच्या सुट्टीत मी ती वही पाहिली. पहिल्या पानावर चाळीसपैकी एकोणीस होते. शेवटच्या आठवड्यात एकोणतीस, तीस, एकोणतीस. संघात त्याला अजून घेतलेले नाही. वही मात्र त्याने माझ्याकडून परत मागून घेतली, पाने शिल्लक आहेत म्हणाला.