फुप्फुस पुन्हा मिटले तर?

फुप्फुसाच्या टोकावरचा हवेचा बारीक फुगा फुटतो, हवा छातीच्या पोकळीत साठते आणि फुप्फुस आक्रसते. उंच, सडपातळ तरुणांत हे जास्त आढळते. नळी घालून हवा काढली, तरी धोका उरतोच.

• पहिल्या वेळेनंतर १०० पैकी सुमारे ३० जणांना हा त्रास पुन्हा होतो, बहुतेकांना वर्षभरातच.

• दुसऱ्यांदा झाल्यास सहसा दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून फुगे काढतात, फुप्फुस छातीच्या आतल्या आवरणाला चिकटवतात. मग धोका बराच घटतो.

• विडी-सिगारेट कायमची सोडा.

• एक्स-रेत फुप्फुस पूर्ण फुगलेले दिसल्यावरही विमानप्रवास डॉक्टरांना विचारूनच करा.

छातीत एका बाजूला अचानक कळ आली, दम लागला, तर ‘गॅस असेल’ म्हणून थांबू नका. लगेच रुग्णालय गाठा.