नाल्याकाठी उगवणारं इंधन

हिवरा आश्रमच्या आसपास खरीप म्हणजे सोयाबीन. दरवर्षी नांगरट, अन् पहिल्याच जोरदार पावसात माती नाल्यात! बांबूचं तसं नाही. चार-पाच वर्षांनी दरवर्षी पिकलेले बांबू तोडायचे. मुळं जागेवरच राहतात, माती धरून ठेवतात. बांबूच्या भुशाच्या कांड्या वीज केंद्रात कोळशासोबत जाळता येतात. धूर होतोच, पण त्यातला कार्बन बांबूनं हवेतूनच घेतलेला असतो. २०१७ पासून शेतातला बांबू कायद्यानं ‘झाड’ राहिलेला नाही.

पण मोगली एरंड आठवतो? त्याच्या बायोडिझेलचाही असाच गाजावाजा झाला. कोरडवाहू जमिनीत बी पुरेसं आलंच नाही. म्हणून सोयाबीन मोडून बांबू लावणं मला पटत नाही. बांधावर लावला तर सावलीवरून शेजारी भांडणार. नाल्याकाठची पडीक पट्टी बरी. फक्त घरी बाबांना सांगण्याआधी विचारून ठेवा, घेणारा किती लांब आहे?