फुरसे दिसले तर फोटो लांबूनच!

गेल्या जून महिन्यातली गोष्ट. मगरिबची नमाज आटोपून आम्ही रत्नागिरीहून मोटारीने गावाकडे निघालो होतो. सड्यावरच्या रस्त्यात दिव्यांच्या उजेडात हातभर लांबीचा, मातकट रंगाचा साप दिसला. गाडी थांबवली. काच थोडी खाली करताच करवत चालवल्यासारखा खसखस आवाज कानी आला. ते फुरसे होते.

अमेरिकेतला रॅटलस्नेक शेपटीचा खुळखुळा वाजवून इशारा देतो. फुरशाला खुळखुळा नसतो. ते अंगाची वेटोळी एकमेकांवर घासते आणि कुशीवरच्या खरखरीत खवल्यांतून हा आवाज निघतो. दोघांचे सांगणे एकच : पुढे येऊ नका.

मुलांना फोटो हवा होता. धाकटा म्हणाला, "अब्बा, खाली उतरून काढू या, छान येईल." आम्ही दार उघडू दिले नाही. फुरसे आकाराने लहान असले तरी अतिशय चपळ असते आणि अंधारात अंतराचा अंदाज चुकतो. गाडीतूनच मोबाइलने दोन-तीन फोटो काढले. थोडे धूसर आले, पण साप ओळखू येतो. काही वेळाने ते तिरपे सरकत गवतात गेले.

हा धोका लहान नाही. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक खेड्यातली. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले.

फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. चावल्यावर लगेच फारसे काही जाणवले नाही, तरी काही तासांनी हिरड्यांतून किंवा लघवीवाटे रक्त जाऊ शकते. म्हणून "बघू सकाळी" म्हणून घरी थांबू नये. जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. हात-पाय हलू न देता रुग्णाला तडक सरकारी रुग्णालयात न्यावे. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नाही, त्याचा फोटो काढण्यासाठी थांबण्याचीही नाही.

पावसाळ्यात रात्री अंगणात जातानाही पायात बूट आणि हातात बॅटरी असू द्या. मुलांनाही हीच सवय लावा.