बाटलीतलं रक्त लालभडक का होतं?

 एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. त्यांच्या यजमानांनी ओझोन उपचार घेतले, म्हणजे रक्त बाटलीत काढून, त्यात ओझोन मिसळलेला वायू सोडून ते परत शिरेत चढवायचं. बाटलीत काढलेलं काळपट रक्त वायू सोडताच डोळ्यांदेखत लालभडक झालं. त्या विचारतात, ‘म्हणजे रक्त शुद्ध झालं ना?’

नाही, ताई. रंग खरोखर बदलतो, पण ते काम ओझोनचं नाही. बाटलीत सोडलेल्या वायूत ९५ टक्के किंवा त्याहून जास्त प्राणवायूच असतो, ओझोन अगदी थोडा. हाताच्या शिरेतलं रक्त शरीराला प्राणवायू देऊन परतीला लागलेलं असतं, म्हणून ते काळपट दिसतं. प्राणवायू मिळाला की हिमोग्लोबिन पुन्हा लाल होतं. आपली फुप्फुसं दर श्वासाला हेच करत असतात. बाटलीत नुसता प्राणवायू सोडला असता तरी हाच रंग आला असता.

आता थोडा हिशेब करू. १०० मिलिलीटर रक्तात प्राणवायू मावतो साधारण २० मिलिलीटर. शिरेतल्या रक्तात त्यातला जवळपास तीन चतुर्थांश शिल्लकच असतो. म्हणजे २०० मिलिलीटरच्या बाटलीत भर पडते सुमारे १० मिलिलीटरची. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला २५० मिलिलीटर प्राणवायू लागतो. त्या सगळ्या लालीत मिळाला तो जेमतेम अडीच सेकंदांचा प्राणवायू!

मग ओझोन कुठे जातो? तो रक्तद्रवातच संपतो. यूरिक अ‍ॅसिड, क जीवनसत्त्व, अल्ब्युमिन आणि असंतृप्त मेदाम्लं त्याला क्षणार्धात गाठतात. सिएना विद्यापीठाचे वेलिओ बोची या उपचाराचे खंदे पुरस्कर्ते, पण त्यांनीही हेच मांडलं, की ओझोन ओझोन म्हणून शरीरात पोचत नाही. पोचतात ते त्याच्यापासून तयार झालेले पदार्थ, मुख्यतः हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मेदाम्लांचे तुकडे. आणि ओझोनच्या माऱ्याने हिमोग्लोबिनमधलं लोहच बदललं, तर रक्त लाल होणार नाही, चॉकलेटी होईल.

माझ्या मते या उपचारात रंगापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड तांबड्या पेशीत शिरतं, तिथे ग्लुटाथिओन त्याला निकामी करतं आणि त्यात स्वतः खर्ची पडतं. ते पुन्हा कामाला यायचं तर जी-६-पीडी नावाचं विकर हवं. इतर पेशींकडे दुसरे मार्ग असतात, तांबड्या पेशीची सारी भिस्त या एकाच मार्गावर. विकर कमी पडलं की हिमोग्लोबिनच्या गुठळ्या पेशीच्या आवरणाला चिकटतात आणि पेशी फुटू लागतात. एक-दोन दिवसांत डोळे पिवळे होतात, लघवी गडद तपकिरी होते.

या विकराची उणीव १९५६ साली अमेरिकेत उघड झाली, मलेरियावरच्या प्रायमाक्विनने काही जणांचंच रक्त का फुटतं हे शोधताना. १९६३ साली मुंबईतल्या संशोधकांनी ती पारशी समाजात नोंदवली. पुढे आपल्याकडच्या इतर अनेक समाजांतही ती सापडली. तिचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे त्रास पुरुषांना जास्त. डांबराच्या गोळ्यांपासून जपायला सांगितलेलं मूल नात्यात असेल, तर कारण बहुधा हेच असतं.

 अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या नियमांत ओझोन हा वैद्यकीय उपयोग ज्ञात नसलेला विषारी वायू म्हणूनच नोंदलेला आहे. तरीही कुणी हा उपचार घेणारच असेल, तर सुई टोचण्याआधी जी-६-पीडीची तपासणी करून घ्या. नंतर नको. पेशी फुटून गेल्यावर उरतात त्या बहुतेक कोवळ्या पेशी, त्यांच्यात हे विकर जास्त असतं, आणि अहवाल खोटाच ‘नॉर्मल’ येऊ शकतो. आणि ताई, ओझोन घेतला म्हणून यजमानांच्या काही गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.